आमरसाच्या बाटल्या आणि चाखण्याचा मान

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सरे, समुद्रकाठच्या एका आमराईच्या राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहिले. ज्यास खोटे वाटेल त्याने खुशाल आमच्या पंक्तीस येऊन बसावे. त्या राज्याची राजधानी स्वयंपाकघर आणि तेथे चुलीजवळच्या पाटावर द्वारकाबाईसाहेब विराजमान होत्या. त्यांच्या सासूबाई गोजराबाई यांच्या अमदानीत आमरस साखर घालून घट्ट आटवीत आणि बरण्यांत भरीत. मग द्वारकाबाईंनी कारभार हाती घेतला आणि नवी रीत पाडिली, की कढत रस बाटल्यांत भरावा, बूच ठोकावे, वर मेण ओतावे आणि बाटल्या गोधडीत निजवाव्या. गोजराबाईंनी तेव्हा फार नाके मुरडली आणि मग वाट्याच्या वाट्या ओरपल्या. पुढे सूनबाई केतकीबाई राज्यात दाखल जाहल्या. त्यांनी फळे टिकविण्याचा वर्ग केला होता. त्या म्हणाल्या, "आई, जुनी बुचं पुन्हा वापरू नका. पत्र्याचं नवं झाकण यंत्राने दाबू आणि भरलेल्या बाटल्या पाण्यात उकळू." बाईसाहेब म्हणाल्या, "उकळलेला रस परत उकळायचा? उद्या जेवलेल्या माणसाला पुन्हा पानावर बसवशील!" मसलती जाहल्या आणि उभयतांचे बोलणे बंद पडले आणि घरातले पुरुष ओटीवर पळाले, मग तह ठरला, की निम्मी फौज सासूच्या बुचांची, निम्मी सुनेच्या झाकणांची, आणि दसऱ्यास लेक-जावई आले म्हणजे फैसला व्हावा.

त्या घरचा रिवाज ऐसा, की बाटली उघडली म्हणजे पहिला चमचा घरातल्या थोरलीने चाखावा आणि तिने मान हलविली म्हणजे पंक्तीस वाढावे. गोजराबाई निवर्तल्यापासून हा मान द्वारकाबाईंचा, आणि त्यांस तो अंगावरच्या दागिन्यांहून प्रिय. दसरा आला, पाने मांडली, आणि बाईसाहेबांनी मोठ्या तोऱ्याने आपली बाटली काढिली, तो बूच मेण फोडून वर आलेले! ते उपटताच फस्स आवाज जाहला आणि फेस हातावर आला. केतकीबाई जिंकल्या होत्या, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, तोंडात घालू नका. चमचाभरानेही माणूस आजारी पडतं." परंतु जावयांदेखत हार कोण कबूल करील? "माझी जीभ अजून शाबूत आहे. बिघडला असेल तर तीच सांगेल," ऐसे म्हणून बाईसाहेबांनी चमचा भरिला. तेव्हा केतकीबाईंनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. "चाखायचाच असेल तर आज मी चाखते." आणि ओठांशी नेला. बाईसाहेबांनी झडप घालून सुनेचे मनगट धरिले आणि रस नव्या लुगड्यावर सांडला.

"वेड लागलंय का तुला? काही झालं म्हणजे?"

"आणि तुम्हाला झालं म्हणजे, आई?"

आजवर सगळ्यांसाठी आपण चाखीत आलो, आपल्यासाठीही कोणी भिईल हे बाईसाहेबांच्या ध्यानीमनी नव्हते. त्यांचे डोळे भरले आणि फार बरे वाटले. मग त्यांनी हुकूम फर्माविला, की बुचांची सारी फौज परसात खोल खड्ड्यात पुरावी, गुरांसही घालू नये. केतकीबाईंनी आपली बाटली आणिली, झाकण सपाट असल्याचे दाखविले, उघडली, आणि रिवाजाप्रमाणे चमचा सासूपुढे धरिला. बाईसाहेबांनी तो परत दिला. म्हणाल्या, "आजपासून पहिला चमचा कोणाचाच नाही. झाकण फुगलं, वास आला, नुसती शंका आली तरी टाकायचं. चांगला असेल तर सगळ्यांना एकदम वाढ, आणि तूही बैस."

सारांश, त्या दिवशी सासूचा मान गेला आणि सासू-सून प्रथमच शेजारी शेजारी बसून जेवल्या.