साळूबाईचे पाइप अजून वाटेतच आहेत

एका जंगलात, बाळांनो, एक मालधक्का होता. जंगलात कशाला मालधक्का, असं विचारू नका. होता म्हणजे होता. डोंगरावर, तळ्याच्या काठी. तिथले साहेब धनेशराव. चोच एवढी मोठी, की चोचीमागे साहेब शोधावे लागत.

डोंगराखाली साळू नावाची साळिंदर राहायची. तिला पाच पिल्लं. पाणी वरच्या तळ्यावर आणि वाटेत बिबट्या. जाताना ती पिल्लं मोजायची, येताना पुन्हा मोजायची. पाच भरली की मग श्वास सोडायची.

शेवटी तिनं तळ्याकाठच्या भट्टीतून भाजक्या मातीचे पाइप करून घेतले. घरी न्यायचे, सावकाश पुरायचे आणि पाणी दारात आणायचं. बांधाबांधही तिनंच केली. प्रत्येक थोरल्या पाइपात मधला, मधल्यात धाकटा, फटीत गवत, तोंडाला झाकण, गडगडू नयेत म्हणून खाली पाचरी. आपली बाळंसुद्धा तिनं कधी इतकी जपून गुंडाळली नव्हती.

माल मालधक्क्यावर आला, तसे धनेशराव डोकावले. "हा एक नग की तीन?"

"तीन, साहेब. एकात एक बसवलेत. जागा कमी लागते."

"म्हणजे लपवलेत! सोडा."

साळूनं सगळे सोडले.

"आत काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही, तर झाकणं कशाला?"

साळूचे काटे उभे राहिले. तिनं ते हातानं खाली बसवले. साहेबांपुढे काटे दाखवून चालत नाही.

"वापर कुठे?"

"जमिनीखाली, साहेब."

धनेशरावांनी जाडं पुस्तक उघडलं. चोच आनंदानं वाजली. "भूमिगत माल! वर्ग सातवा. हा जमिनीवरून नेता येत नाही."

"मग कसा नेऊ?"

"जमिनीखालून."

साळू रडकुंडीला आली. शेजारची घूसवहिनी म्हणाली, "रडतेस काय गं! उकरणं हा आमचा घरचाच धंदा."

बारा दिवस घुशींचं सगळं खटलं राबलं. तळ्यापासून साळूच्या दारापर्यंत बोगदा झाला.

"धाकटे पुढे, मधले मध्ये, थोरले मागे! रांगेत!" धनेशराव ओरडले. एकेक पाइप आत ढकलला, तसतसा पुढच्याला घट्ट बसत गेला. शेवटचा थोरला काही आत मावेना. त्याचं तोंड तळ्यातच बुडून राहिलं.

इकडे पहिल्या पाइपाचं तोंड साळूच्या दाराशी निघालं. माती शिरू नये म्हणून त्याला लावलेलं झाकण तिनं काढलं मात्र, पाणी असं उसळलं, की शेंडेफळ गटांगळी खाऊन उठलं आणि खिदळायला लागलं.

धनेशराव उडत खाली आले. "माल पोचला?"

"पोचला की!"

"मला एकच नग दिसतोय. बाकीचे?"

"वाटेत आहेत."

"मग पोचला नाही. सगळे बाहेर ओढा, माझ्यापुढे रचा. मग पोच लिहून देतो."

साळूनं पिल्लांकडे पाहिलं. मोजली. पाच.

"साहेब," ती तोंड बारीक करून म्हणाली, "माझा माल हरवला हो. तसंच लिहा."

"हरवला!" धनेशरावांना भरून आलं. "साळूबाई, शोधून काढीन तरच नावाचा धनेश!"

तेव्हापासून ते रोज शोधायला येतात. दमले की साळूच्या दाराशी चोच भरून पाणी पितात आणि मान हलवतात, "छे! अजून पत्ता नाही."

तात्पर्य: माल वेळेवर पोचला, तर दारात नुसता ढीग होतो. तेव्हा बाळांनो, नियम अगदी शेवटपर्यंत पाळा. काम झालंय, एवढं मात्र साहेबांना कळू देऊ नका.