तोफेचे तोंड फिरल्याची हकीकत
श्रीसागरास नमन करोन, कानी आले तैसे लिहितो. शके अठराशे पंच्याण्णव, प्रमादीनाम संवत्सर, ते समयी राज्यात खाडीचे मुखी टोपीकरांचे राणीचे अमदानीतील तोफखाना होता. शत्रू समुद्रातून येईल म्हणोन बांधिला आणि शत्रूने येण्याची कृपा केली नाही. मग टोपीकर गेले, एक तोफ राहिली आणि राखणीस पोशा तांडेल राहिला. तो नित्य प्रातःकाळी वंगण घालोन तोफ लोखंडी कड्यावर एक फेरा फिरवी, आणि एकट्याचे खांद्याने ती अजस्र तोफ फिरे, हेच त्याचे वैभव. बायको कमळी बोले, "माझं गुडघं बी करकरतान, त्यांना कवा तेल लावशील?" पोशा म्हणे, "तू फिरतंस कुठं? बसल्या जागी भांडतंस." मग राज्यास जुन्याचा कळवळा आला आणि पुराणवस्तूंचे अधिकारी माधवराव विध्वंस स्वारी करोन आले. आडनाव विध्वंस, हुद्दा जतनाचा. ते पोहोचले तेव्हा फेरा निम्मा होवोन तोफेचे तोंड समुद्र सोडोन गावाकडे, नेमके सुभेदाराचे कचेरीकडे झाले होते. रावसाहेबांनी तत्क्षणी संरक्षित स्मारकाची पाटी ठोकविली आणि फर्माविले की जैसे थे ठेवावे, कोणी हात लावू नये. पोशा हात जोडोन म्हणाला, "सायेब, थे म्हंजे कवाचं थे?" रावसाहेब म्हणाले, "आम्ही आलो तेव्हाचे." "अवो, अर्धा फेरा राह्यलाय! आन् तेल नाय घातलं तर गंजून जाम होईल ती." "गंज नैसर्गिक आहे, तांडेल. तेल हा हस्तक्षेप." मग बारा पावसाळे गेले, खारा वारा तोफेस लागला आणि पोशा रोज कुंपणाबाहेर उभा राहोन खांदा चोळी आणि घरी जाई. पुढे नवे सुभेदार दाखल जाहले आणि कचेरीत भोजनास बसता खिडकीतून तोफेचे तोंड दिसोन घास घशात अडकला. हुकूम सुटला, तोफ समुद्राकडे करावी. विध्वंसराव जातीने पोशाचे दारी जाऊन म्हणाले, "पोशाभाऊ, हे तुमच्याच खांद्याचे काम." पोशाने खांदा लाविला, कमळीने लाविला, मग रावसाहेबांनीही कोट उतरवोन लाविला, आणि तोफ तसूभर हलली नाही. पोशा कड्यावरोन हात फिरवीत इतुकेच बोलिला, "तवा अर्धाच फेरा होता, सायेब." मग दरबारी तीन दिवस खल होवोन कचेरीच दुसरे गावी नेली. येणेप्रमाणे वर्तमान घडले. सारांश, शंभर वर्षांत त्या तोफेने एकच मुक्काम उठविला, तो आपल्याच धन्याचा.