बी परत आणा

आमच्या घरात याआधी कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. त्यामुळे एका माणसावर लिहायला बसणं हे माझं धाडसच आहे; चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण ज्यांच्या दुकानाच्या माळ्यावर फुकट राहून मी बी.ए. झालो, त्या गोविंदअण्णांवर दुसरं कोण लिहिणार?

अण्णांचं कोल्हापुरात गंगावेशीत झाडपाल्याच्या औषधांचं दुकान. कुणी रिठे मागितले की ते आधी विचारत, "बी परत आणणार का?" रिठ्यानं केस धुवा, बी इथं आणून द्या. आणून देणारीला खडीसाखरेचा खडा. न देणारीला पुढच्या वेळी रिठे नाहीत. एका बाईंनी खडीसाखरेपायी सीताफळाच्या बिया आणल्या. अण्णा म्हणाले, "ह्या आमच्या न्हाईत. पर आल्यात तर ऱ्हाऊ द्या." पावसाळ्यात ते पिशवी घेऊन राधानगरीच्या एस.टी.त खिडकीशी बसत आणि घाट लागला की बिया बाहेर फेकत. एकदा रिठा एका सायकलवाल्याच्या दुधाच्या किटलीवर वाजला. पुढच्या थांब्यापर्यंत कंडक्टर बोलत होता.

मुळ्या आणि साली अण्णा विकत नसत. "फळ झाड आपनहून देतंय. मूळ उपटायचं म्हंजे धंदा न्हवं, दरोडा."

मी माळ्यावर राहायचो त्या वर्षांत आमच्या राधानगरीकडे नरक्याची तोड जोरात होती. फुलांना घाण वास येणारं झाड. पण लाकूड कॅन्सरच्या औषधाला परदेशी जातं म्हणत. ते लाकूड घेणारा एक व्यापारी अण्णांकडे माल विचारायला आला. त्याचं काम कळताच अण्णांनी त्याच्या हातातला अर्धा चहा काढून घेतला.

मी माळ्यावरून हे सगळं ऐकलं. माझी पहिल्या वर्षाची फी त्याच तोडीच्या मजुरीतून आली होती. कुऱ्हाड वडिलांची. कळलं तर माळा जाणार, आणि माळा गेला तर कॉलेज. पण त्यांचीच भाकरी खाताना गप्प बसवेना. जेवताना सांगून टाकलं.

अण्णांनी आणखी एक कांदा फोडला.

"म्हंजे झाडानं शिकीवलं तुला," ते म्हणाले. "आता नापास झालास तर बघ. झाड बी फुकट आनि तू बी."

फळं पिकायच्या दिवसांत ते माझ्याबरोबर गावी आले. वडील त्यांना पाहून गोठ्यात शिरले. अण्णांनी दारातूनच हाक दिली, "पावणं, तोडल्याली जागा तुम्हालाच ठावं. दावा की."

आमच्या देवराईत एक नरक्या शाबूत होता. देवाच्या रानात कुणी कुऱ्हाड नेत नाही. त्याच्याखालच्या बिया अण्णांनी आणि वडिलांनी वेचल्या आणि उघड्या पडलेल्या उतारावर टोकल्या. पुढं दरवर्षी तेच. मग अण्णांचे पाय थकले. त्यांना मागंपुढं कुणी नव्हतं. मी मलकापूरला नोकरीला लागलो. भेटलो की ते वडिलांची चौकशी करत, पण विचारायचं असायचं त्या उताराचं.

गेल्या महिन्यात वडिलांनी सांगितलं, रोपं डोक्यावर गेलीत, यंदा फळ धरलंय. गुरं तिकडं वळली की गावातल्या बायका ओरडतात, "अण्णांच्या पोरांत जनावरं शिरली."

मी मिळेल त्या एस.टी.नं कोल्हापूर गाठलं. अण्णा रिठे निवडत होते. रस्त्यापलीकडची कुजबुज ऐकणारा हा माणूस. मी सांगितलं तरी त्यांचे हात चालूच होते.

"कुणाच्या पोरांत?"

मी सांगितलं.

"हल्ली ऐकू येत न्हाय," ते मान वर न करता म्हणाले. "परत एकदा सांग."