एका खोडाला एक घड

एकनाथकाका कुणाचंही वय वर्षांत सांगत नाहीत. समोरचा पिंटू बारावीला गेला, तर तो "निसवणीला आला", म्हणजे आता घड बाहेर पडायचा. शाळेतले सर निवृत्त झाले, तर त्यांचा "घड कापला". चाळीस वर्षं डोईफोडिया गावात केळी लावून, गुडघे बोलायला लागल्यावर बाग पुतण्याच्या हवाली करून काका-काकू आमच्या लोधीपुऱ्यात शेजारी राहायला आले. शेत सुटलं, तोंडातली केळी काही सुटली नाही.

चाळिशीत मला पळायचं खूळ लागलं. इंदूरची बेचाळीस किलोमीटरची शर्यत सहा महिन्यांवर होती आणि मोबाइलमध्ये सरावाची तीन वेळापत्रकं. एक आठवड्यातून सहा दिवस पळवायचं, दुसरं चार, तिसरं नुसतं घड्याळाकडे बघायला लावायचं. एक निवडायचा धीर होईना, म्हणून मी तिन्ही थोडी थोडी पाळली. महिनाभरात जेमतेम शनवाऱ्याच्या दरवाजापर्यंत जाऊन लंगडत घरी यायला लागले. नाव मागे घेते, असं मी फोनवर कुणाला तरी सांगत होते, ते काकांनी ओट्यावरून ऐकलं.

"माय, बुंध्याशी फुटलेली तीन-तीन पिलं वाढू दिली तर घड पोसणार कसा?" ते म्हणाले. "पहिले सगळी काट."

तिन्ही वेळापत्रकं त्यांनी माझ्याकडून समोर बसवून पुसून घेतली आणि खताच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःचं लिहिलं. आधी दुखणं थांबेपर्यंत नुसतं चालणं, कारण "मुळी धरू दे". मग आठवड्यात तीनच दिवस पळायचं आणि रविवारचं अंतर किलोमीटर-किलोमीटरनं वाढवायचं. मी एकदा हौसेनं दुप्पट पळून आले, तर दोन दिवस बोलले नाहीत. एकदम खत टाकलं की मुळी जळते, एवढंच तिसऱ्या दिवशी ऐकवलं. दर रविवारच्या चौकोनात शेवटी लिहिलेलं असे: परत आल्यावर इथे नाश्ता.

काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पोहे काका स्वतः करत, मीठ हमखास जास्त. मी कितीही उशिरा आले तरी दोन्ही ताटल्या झाकलेल्या असत.

शर्यतीला निघाले तेव्हा काका स्टेशनवर बांबू घेऊन हजर. घड भरला की झाडाला टेकू लागतोच, त्यांचं म्हणणं. मी हसून तो परत पाठवला. बत्तिसाव्या किलोमीटरला त्या बांबूची फार आठवण आली.

पण पोहोचले. पदक आणून काकांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते खूप वेळ उलटंपालटं करून पाहिलं.

"झालं काका," मी म्हटलं. "घड कापला."

ते आत गेले आणि नवीन कॅलेंडर घेऊन आले. पाठीवर वर्षभराचे चौकोन आखलेले. सोमवार ते शनिवार कोरे. प्रत्येक रविवारी एकच शब्द: नाश्ता.

"घड कापला म्हणून बाग मोडत नाहीत, माय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "पुढच्या घडासाठी एक पील ठेवतात."

वेळापत्रकं पुष्कळ मिळतात. मी परत येईपर्यंत कुणीतरी ओट्यावर बसून राहिलेलं असतं, हे मला या माणसानं दिलं. मी कॅलेंडर हातात घेतलं आणि येत्या रविवारच्या चौकोनात लिहिलं: पोहे मी करणार.

ते वाचून काका म्हणाले, मीठ बेतानं घाल.