निर्मलाकाकूंचा वंदनगड

निर्मलाकाकू कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की विचारतात, "पाण्याचं काय?" यजमान घाईघाईनं ग्लास आणतो. काकू तो बाजूला ठेवतात आणि पुन्हा तेच विचारतात. त्यांना तहान लागलेली नसते. वेढा पडला तर या घरातलं पाणी किती दिवस पुरेल, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

कॅनडात ब्रॅम्पटनला आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारीण म्हणून त्या वास्तुशांतीला आल्या. लेकीकडे कायमच्या राहायला येऊन त्यांना तेव्हा वर्षही झालं नव्हतं. देवघर नाही, किचन नाही, त्या थेट बेसमेंटमध्ये उतरल्या. गरम पाण्याच्या टाकीवर टिचकी मारून म्हणाल्या, "एकच टाकं?" मग बाहेर जाऊन आमच्या दाराकडे बघत राहिल्या. गडाचा दरवाजा बुरुजाआड लपवलेला असतो, तुमचा तर सरळ रस्त्यावरून दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पिझ्झावाल्याला बरं पडतं. त्यावर काकू गंभीरपणे म्हणाल्या, "आणि शत्रूला."

हे सगळं शास्त्र वंदनगडाचं. सातारा जिल्ह्यात चंदन आणि वंदन असे जोडकिल्ले आहेत आणि काकूंचं सासर त्यांच्या पायथ्याच्या किकलीत. शिलाहार राजा भोजानं ते बांधले असं मानतात, म्हणजे शिवाजीमहाराजांच्याही कितीतरी आधीची गोष्ट. वंदनचा एक दरवाजा अर्धा मातीत गाडला गेलाय, तिथून वाकूनच जावं लागतं, हे काकू बसस्टॉपवरच्या पंजाबी आजींनाही हिंदीत सांगत. "वहाँ तो झुककेच जाना पडता है." ऐकून एका आजींनी त्यांना कंबरेला चोळायचं तेल आणून दिलं.

कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या उन्हाळ्यात आम्ही काकूंना आणि त्यांच्या नातीला, ईशाला, टोरांटोतला टेकडीवरचा कॅसल दाखवायला नेलं. शंभर वर्षांपूर्वीची वास्तू म्हणून गाइड कौतुकानं सांगत होती. काकूंनी नातीला पुढे केलं. नऊ वर्षांची ईशा म्हणाली, "माय आजी वॉन्ट्स टु नो, वेअर इज द वॉटर?" गाइडनं अदबीनं वॉशरूमचा रस्ता दाखवला. परतताना काकूंनी निकाल दिला की घर छान आहे, पडदेही चांगले आहेत, पण गड म्हणू नका.

पुढे ऑक्टोबरमध्ये पानं लाल झाली तेव्हा आम्ही मिल्टनजवळच्या एका कड्यावर गेलो. पार्किंगपासून वर जायला चांगली पायवाट होती. ईशा आणि माझी बायको पुढे गेल्या. काकू मात्र डब्याची पिशवी घेऊन खालच्या बाकावर बसल्या. तुम्ही जाऊन या, मी सामान सांभाळते, म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, वंदन चढलेल्या माणसाला हे म्हणजे अंगणच."

त्यांनी पिशवीचे बंद नीट केले. "मी वंदनवर गेलेलेच नाही रे," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. काका शाळेत मास्तर होते. दर रविवारी पोरं जमवून टाक्यांतला गाळ काढायला वर जायचे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे काकू खाली राहून सगळ्यांच्या भाकऱ्या थापायच्या. संध्याकाळी काका गरम पाण्यात पाय सोडून बसायचे आणि पायरी न पायरी सांगायचे. रिटायर झालो की तुला नेतो, असं ठरलं होतं. सासूबाई गेल्या, आणि मग रिटायर व्हायच्या आधीच काकाही गेले.

मी पिशवी उचलली आणि हात पुढे केला. काकूंनी थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं, मग उठल्या.

आम्ही सावकाश, थांबत थांबत वर पोचलो. खाली शेतं होती, तांबडी झाडी होती, दूरवर गाड्यांची रांग सरकत होती. काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना एवढा वेळ गप्प राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ईशानं येऊन विचारलं, "आजी, आर यू ओके?" काकूंनी तिला नुसतं जवळ घेतलं.

बऱ्याच वेळानं त्या माझ्याकडे वळल्या. "हे म्हणायचे, वर पोचलं की थोडा वेळ बोलवतच नाही. मला वाटायचं, दमतात म्हणून."