हिरव्या ड्रेसचा मालक

कपडा हातात आला की माणूस ओळखायचा, हा इस्त्रीवाल्याचा तोरा. इमारतीतला एकही शर्ट त्याने आजवर चुकीच्या घरी दिला नव्हता. त्यामुळे गणिताच्या सरांच्या गाठोड्यात, पांढऱ्या शर्टांखाली, हिरव्या सॅटिनचा लांब ड्रेस निघाला तेव्हा त्याने फार डोकं चालवलं नाही. सर एकटे राहणारे, वर भरघोस मिशी. म्हणजे ड्रेस दुसऱ्या कुणाचा तरी, चुकून आलेला.

कडक इस्त्री करून तो वरच्या मजल्यावर वहिनींकडे गेला. वहिनी म्हणाल्या, माझा नाही. मग त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा उगाचच घामाघूम झाला. आत भांडी आपटायला लागली तसा इस्त्रीवाला तिथून सटकला. डॉक्टरीणबाईंनी ड्रेस अंगाला लावून पाहिला आणि यात आपल्यासारख्या दोघी मावतील म्हणाल्या. अशी पाच दारं झाली. प्रत्येक दारात तो अक्कल पाजळायचा, की सरांच्या गाठोड्यात निघाला हो, आता बाप्यामाणसाला कशाला लागतंय असलं! लोक हसायचे. सगळ्यात मोठ्याने हसायचा तो स्वतः.

खाली आला तर इस्त्रीच्या टेबलापाशी सर उभे.

"काका, माझा ड्रेस झाला का?"

"चुकून आलाय तो, सर. मालकीण शोधतोय."

"मालकीण नाही, मालक आहे. मीच." सर खालच्या आवाजात म्हणाले, "आज पहिल्यांदा घालून बाहेर जाणार होतो. तुमच्याकडे दिला, कारण तुम्ही एकाच्या घरचं दुसऱ्याच्या घरी सांगत नाही."

इस्त्रीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलायची फार इच्छा झाली, पण जीभ वळेना.

"पाच घरी सांगितलं, सर. हसून हसून सांगितलं."

सर स्टुलावर बसले. "मग राहू दे. नाही जात."

"असं नका करू. ते हसले कारण मी हसवलं. तोंड माझं काळं झालंय, तुम्ही का लपायचं?"

इस्त्रीवाल्याने दारोदार फिरून चुरगळलेला ड्रेस पुन्हा टेबलावर पसरला. तापलेली इस्त्री इतक्या हळुवारपणे त्याने कधीच फिरवली नव्हती. बराच वेळ ते बघत राहून शेवटी सर उठले आणि ड्रेस घेऊन वर गेले.

अर्ध्या तासाने ते ड्रेस घालून, मिशी विंचरून जिना उतरू लागले. दारं किलकिली झाली. एवढ्यात वहिनींचा नवरा धावत बाहेर आला.

"सर, हा तुमचाच ना? नक्की तुमचाच? उपकार होतील, हिला एकदा सांगा!"

"माझाच," सर म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "रंग खुलून दिसतो हो तुम्हाला."

फाटकापाशी सर थांबले. "येतो, काका."

इस्त्रीवाल्याला मान वर करवेना. तो ड्रेसच्या खालच्या काठाकडेच बघत राहिला.

"जपून जा, सर," तो म्हणाला. "रिक्षात बसताना घोळ उचलून घ्या."