शेषरावकाकांचं पोतं

शेषरावकाका काहीही मोजताना 'एक' म्हणत नाहीत. चिखलीच्या धान्यबाजारात त्यांनी जन्मभर मापारी म्हणून पोती मोजली, आणि मापाऱ्याच्या तोंडी पहिलं माप 'लाभ' असतं. मग दोन, मग तीन. बाजार सुटला, लाभ सुटला नाही. औषधाची गोळी असो की पंगतीतली जिलेबी, पहिली ती लाभ.

परीक्षा दिल्याशिवाय त्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नाही. ज्वारी दाताखाली धरून पाहतात, छत्री नळाखाली. माझा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा शेजारधर्म म्हणून काकांनी त्याला कमरेत धरून वीतभर उचललं, खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "माल कोरडा हाय. ठेवून घे." तो अजून त्यांना पाहिलं की शर्ट सावरतो.

तर दिवाळीनंतर त्यांच्या मुलानं पुण्याहून बॅटरीवर चालणारी चार चाकांची खुर्ची पाठवली. पुढे हँडल, हँडलला अंगठ्यानं दाबायची कळ. ही गाडी गोदाकाकूंसाठी. काकूंना लकवा मारला, त्यात डावा पाय गेला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. आम्ही भेटायला गेलो की आतून कडी लागल्याचा आवाज यायचा. आणि ही बाई कोण? तर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं माप काढणारी. कोण वाळलं, कोणाची सून रुसली, कोणाच्या पिशवीत काय, काकूंच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यामुळे गल्लीची नजर काय चीज असते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"रोजच्या वापराले चालते का नाही, पाहा लागते," काका म्हणाले. त्यांनी काकूंच्या वजनाइतकी तूर पोत्यात भरली, पोतं खुर्चीवर बसवून दोरीनं आवळलं. वरून काकूंचं हिरवं लुगडं गुंडाळलं आणि पोत्याच्या तोंडावरून पदर घेतला.

दिवेलागणीला ती गाडी पहिल्यांदा गल्लीत आली, ती वेळ मी विसरणार नाही. आवाज नाही, धूर नाही. काका बाजूनं वाकून कळ दाबत चालले होते, म्हणून माझ्या कुंपणावरून दिसत होतं ते एवढंच: पदर घेतलेली, चेहरा नसलेली एक बाई सरकत येते आहे. कुत्री भुंकली नाहीत, उठून गेली. समोरच्या आजींनी देवाचं नाव घेत दार लावलं. खड्ड्यात चाक गेलं तसं पोतं डावीकडे कललं, अगदी काकू ओट्यावर कलून बसायच्या तसं. "लाभ," काका म्हणाले आणि पुढे निघाले.

मग रोज. उतारावरून, गटारावरच्या फरशीवरून, गिरणीपर्यंत आणि परत. मोजणी पुढेपुढे चालली होती. मधेच काका गाडी कडुनिंबाखाली लावून पाणी प्यायला घरात जात आणि ती तिथे एकटीच अंधारात बसून राही, त्यांच्याच घराकडे तोंड करून. एकदा मी सहज त्यांच्या खिडकीकडे पाहिलं. पडद्याची कड उचललेली, फटीत एक डोळा. आत काकू, बाहेर काकू, एकमेकींकडे बघत. मला भर थंडीत घाम फुटला. गल्लीत तर कुजबुज सुरू झालीच होती, की गोदाबाई कधीच गेल्या आणि म्हाताऱ्यानं पोत्याशी संसार मांडला.

शेवटी मी विचारलंच, गाडी पास की नापास? एका गाडीची एवढी परीक्षा असते का?

काकांनी खिडकीकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "गाडी तं कवाच पास झाली, कुंदा. गल्ली पास होऊन नाही राह्यली."

मला कळेना.

"तुही काकू म्हणते, लोकं माह्या तोंडाकडे पाहतीन. म्हटलं, पाहू दे. पोत्याकडे पाहून पाहून थकू दे त्याइले. थकले का मंग तू बस."

इतके दिवस मी या माणसाला चक्रम म्हणत होते. तो चक्रम आहेच म्हणा, पण दुसऱ्या दिवसापासून पोतं दारावरून गेलं की मी मान वर न करता म्हणू लागले, "काय काकू, गिरणीवर का?" हळूहळू समोरच्या आजीही म्हणू लागल्या. भाजीवाला पोत्याला वांग्याचा भाव सांगायचा. आधी लोकांची भीती गेली, मग हसू गेलं, मग लक्षच जाईना. कुत्री गाडीखाली येऊन झोपायला लागली.

परवा दिवेलागणीला मी ओट्यावर मेथी निवडत होते. गाडी आली. "काय काकू, गिरणीवर का?" मी खाली बघतच म्हणाले. वारा नव्हता, पण पदर हलला. गल्लीत कोणी वळून पाहिलं नाही. काका अगदी हळू म्हणाले, "लाभ."

इतक्या फेऱ्यांनंतर लाभ?

अंगावर सर्रकन काटा आला. माझ्या खाली घातलेल्या नजरेला लुगड्याच्या मांडीपर्यंतच दिसत होतं. पोत्याला हात नव्हते. या मांडीवर दोन हात होते, आणि एकानं दुसऱ्याला घट्ट धरून ठेवलं होतं.

मी मान वर केली नाही. एवढं अवघड काम जन्मात केलं नव्हतं. डोळे भरून आले होते, मेथीची जुडी नीट दिसत नव्हती, तरी एकेक काडी खुडत राहिले. गाडी माझ्या ओट्यापाशी थांबली. पदराआडून शब्द आले, जड, एका बाजूनं ओढलेले.

"मेथी जून हाय, कुंदा. कोनं देली तुले?"